सोळा माळांची नाडी

आमच्या दवाखान्यात रोगी यायचे ते कण्हत नाहीतर खोकत. घंगाळभट यायचे ते डॉक्टरांची परीक्षा घ्यायला. बाकावर बसायचे, उपरण्याची घडी मांडीवर ठेवायचे आणि आपल्या आधीच्या चार रोग्यांना डॉक्टर काय काय सांगतात ते ऐकून मान हलवायचे. स्वतःची पाळी आली की म्हणायचे, "त्या खारव्याला दोन दिवस लंघन सांगायला हवं होतंस. असो. आता माझं बघ." डॉक्टरांना ते अरेतुरे करीत, कारण डॉक्टरांची मुंज त्यांनी लावली होती. डॉक्टर मुंबईला जाऊन मोठी परीक्षा देऊन आले, बाजारात पाटी लावून बसले, तरी भटजींच्या लेखी ते लंगोटी घालून उभे असलेले बटूच होते. डॉक्टरही मुकाट्याने ऐकून घेत.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या आगेमागेची. मी त्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. रत्नागिरीत तेव्हा घड्याळं बरीच झाली होती, पण एकाचा काटा दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. त्यात मुंबई टाइम आणि स्टँडर्ड टाइम हा घोळ होताच. भटजी या सगळ्या घड्याळांना 'कुलुपं' म्हणायचे. "किल्ली दिल्याशिवाय जे चालत नाही त्याला कुलूप नाही तर काय म्हणायचं?" असा त्यांचा सवाल. ते लग्न लावायचे ते घटिकापात्रावर. तांब्याची वाटीएवढी घटिका, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाणी भरलेल्या घंगाळात ती सोडायची, हळूहळू भरत जाऊन ती बुडाली की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. सूर्योदयापासून अशा जितक्या घटका मोजायच्या तितक्या मोजून मुहूर्त धरायचा. दुसऱ्याच्या घरचं घंगाळ त्यांना चालत नसे. स्वतःचं घंगाळ डोक्यावर घेऊन ते लग्नघरी निघाले की लोक बाजूला होत. नाव त्यावरूनच पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता.

माझं लग्न त्यांनीच लावलं, मार्गशीर्षात. तिसऱ्या मंगलाष्टकाला त्यांचा आवाज एकदम खाली आला. अंतरपाटाच्या अलीकडे उभा राहून मी बघत होतो. ओठ निळसर, मानेची शीर उडतेय आणि एक हात खांबावर. नवऱ्या मुलाने त्या वेळी दुसरं काही बघायचं असतं, पण मी कंपाउंडर पडलो. अष्टकं दुसऱ्या एका भटजींनी पुरी केली. घटिका मात्र यांनी स्वतःच पाहिली आणि बरोबर वेळेवर 'सावधान' म्हटलं. डॉक्टर मांडवात होते. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मिनिटाचाही फरक नव्हता.

पौषात मी त्यांना बळेबळे दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाय दाबून पाहिले. बोटाचा खळगा तसाच राहिला. "हृदय मोठं झालंय, भटजी," डॉक्टर म्हणाले.

"या वयात काहीतरी मोठं व्हायला हवंच होतं," भटजी म्हणाले.

डिजिटॅलिसचे थेंब सुरू झाले. हे औषध म्हणजे दुधारी सुरी. धावत्या हृदयाला ते आवरतं, पण नाडी साठाच्या खाली गेल्यावरही देत राहिलं तर हृदय आवरता आवरता थांबायचंच. म्हणून डॉक्टरांनी बजावलं, रोज सकाळी नाडी मोजायची. साठाच्या वर असेल तर दहा थेंब, खाली असेल तर त्या दिवशी औषध बंद. शिवाय मीठ बंद, जिने-पायऱ्या बंद, लग्नं बंद.

औषधात स्पिरिट असतं हे त्यांना कुणीतरी सांगितलं. आता हे भटजी दारूचा अर्क घेणार कसले, असं मला वाटलं. पण औषधाला विटाळ नसतो म्हणून त्यांनी तो प्रश्न जागच्या जागी निकालात काढला. अडले ते भलतीकडेच. दहा थेंब मोजायचे कसे? एक दोन तीन असं बाजार मोजल्यासारखं ते मोजणार नव्हते. त्यांनी संध्येतली चोवीस नावं घेतली. 'केशवाय नमः' एक थेंब, 'नारायणाय नमः' दुसरा. दहावं नाव हृषीकेश, तिथे थांबायचं. पुढे डॉक्टरांनाही तीच भाषा आली. थेंब वाढवायचे असले की म्हणत, "भटजी, आजपासून दामोदरापर्यंत." म्हणजे बारा.

मिठाचं प्रकरण जरा लांबलं. पंधरा दिवस झाले तरी सूज हटेना. सूनबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मामंजी मिठाला शिवत नाहीत हो. सैंधव घालते ते तेवढंच." त्यांचा मुलगा मुंबईत गिरणीच्या कचेरीत होता, घरी ही सूनबाई आणि भटजी असे दोघंच. डॉक्टर संतापले. भटजी शांतपणे म्हणाले, "उपासाला मीठ वर्ज्य आणि सैंधव चालतं, हे तुला तुझ्या आईने शिकवलं नाही काय?"

"हृदयाला उपास कळत नाही, भटजी!"

"मग तसं सांग. मीठ बंद म्हणालास, मी मीठ बंद केलं."

शेवटी डॉक्टरांनी अक्कल चालवली. म्हणाले, "हे पथ्य नव्हे, अळणी व्रत समजा. मोडलंत तर पहिल्यापासून धरायचं." त्या दिवसापासून भटजींनी सैंधवाचा खडाही तोंडात घातला नाही. पथ्य हे त्यांना माणसाने माणसावर केलेलं दडपण वाटे. व्रत म्हटलं की मात्र ते पक्के.

नाडीचंही तसंच. मनगट धरून मिनिटभर मोजायची, हे त्यांना पटेना. "मिनिटभर नाडी बघणं म्हणजे वाटेत भेटलेल्याला 'बरं आहे ना' विचारणं. 'बरं आहे' याशिवाय तो काय सांगणार? घटकाभर बसल्याशिवाय माणूस बोलत नाही मेल्या." म्हणून ते रोज सकाळी सोवळ्यात घंगाळापुढे बसत, घटिका पाण्यात सोडत, डाव्या हाताची बोटं गळ्याच्या शिरेवर ठेवत आणि उजव्या हातात जपमाळ घेत. एक ठोका, एक मणी. माळ पुरी झाली की एक सुपारी बाजूला. घटिका बुडाली की सुपाऱ्या मोजायच्या. डॉक्टरांनी कागदावर हिशेब केला: सोळा माळा म्हणजे मिनिटाला बहात्तर, उत्तम. सव्वातेरा माळांच्या खाली म्हणजे साठाच्या आत, औषध बंद. डॉक्टर मला म्हणाले, "वेडेपणा आहे, पण मिनिटभर मोजण्यापेक्षा हा बिनचूक आहे." मला भटजींचा तेव्हा हेवा वाटला. स्वतःच्या दुखण्यापाशी इतका वेळ बसलेला दुसरा रोगी मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही.

माघात तेवीस माळा होत्या. फाल्गुनात एकोणीस. चैत्रात सोळा. पाडव्याला ते दवाखान्यात येऊन सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सोळा!" वैशाख लागला आणि तेरा झाल्या. नियमाप्रमाणे त्यांनी औषध बंद केलं आणि आपण बरे झालो असं आपणच ठरवलं. डॉक्टरांना न विचारता दोन लग्नंही लावून मोकळे झाले, एक पूर्णगडला आणि एक गावात वकिलांकडे.

इथे माझ्या घरचं सांगायला हवं. लग्नाला दीड महिना होतो न होतो तोच माझे वडील गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आईने त्या दिवसापासून सुनेला 'पांढऱ्या पायाची' म्हणायला सुरुवात केली. तोंडावर म्हणे, शेजारणींपुढे म्हणे. तिला देवघरात येऊ देईना, पंक्तीला वाढू देईना. मुलगी सतरा-अठरा वर्षांची. मी रोज दवाखान्यातून घरी जायचो, तिचे सुजलेले डोळे बघायचो आणि आईपुढे तोंड उघडायचो नाही. याची मला आजही लाज वाटते.

वैशाखाच्या शेवटी मला आठवलं की भटजींची बाटली महिनाभर भरायला आली नाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या घरी गेलो. सूनबाई दारातच म्हणाल्या, "बरं झालं आलात. मामंजी आडवे पडत नाहीत. बसूनच डुलक्या घेतात. आणि म्हणतात मी बरा आहे." भटजी ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. पाय भोपळ्यासारखे झाले होते. बोलताना दर चार शब्दांनी श्वास घेत होते, पण चेहरा विजयी. "आज तेराच्या आत!"

मी मनगट धरलं. डॉक्टरांचं घड्याळ मी मागून आणलं होतं. मिनिटाला ब्याऐंशी. पुन्हा मोजली. ऐंशी.

"तुझं कुलूप धावतंय," भटजी म्हणाले.

"घटिका सोडा पाण्यात."

त्यांनी सोडली. मी घड्याळ धरून बसलो. सतरा मिनिटांत घटिका बुडाली. मी ती उचलून उजेडाला धरली. आरशासारखी लखलखत होती. पूर्वी ती लग्नसराईपुरती निघायची, चार-सहा महिन्यांतून एकदा चिंच लागायची. पौषापासून ती रोज पाण्यात जात होती, आणि देवाचं काम म्हणून भटजी ती रोज चिंच-राखेने घासत होते. वर भोकात कण अडकून नाडी चुकायला नको म्हणून रोज सुई फिरवीत होते. घासून घासून भोक मोठं झालं होतं. ते जितकी काळजी घेत गेले तितकी घटिका लवकर बुडत गेली, आणि तितक्या माळा कमी भरल्या.

मी हे सांगितलं. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तुझ्या घड्याळावरून मी माझ्या बापाच्या घटिकेला खोटं म्हणणार नाही. पंचांग म्हणालं तर म्हणेन."

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला ते ओटीवर बसले. पंचांगात त्या दिवसाचं दिनमान बत्तीस घटका आणि वर काही पळं असं छापलं होतं. घटिका बुडाली की काढायची, पुन्हा सोडायची, सुपारी बाजूला. जेवले नाहीत. सूनबाईंनी पेज आणून ठेवली ती तशीच राहिली. संध्याकाळी मी गेलो तेव्हा सूर्य समुद्राला टेकला होता. त्यांनी सुपाऱ्या माझ्यापुढे सरकवल्या. "तू मोज." शेहेचाळीस भरल्या.

त्यांनी घटिका पुसून पालथी ठेवली. मग म्हणाले, "कंपाउंडर, थेंब काढ. दामोदरापर्यंत." थेंब घेतले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "म्हणजे ती दोन लग्नं मी तासभर आधी लावली."

डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली: महिनाभर अंथरूण. नाहीतर जगण्याची हमी नाही. भटजी म्हणाले, आधी दोन घरी जाऊन सांगून येतो. पूर्णगडला जायचं तर मचव्याने, आणि समुद्र बंद व्हायला आठवडा राहिलेला. पाऊस लागला की नारळी पुनवेपर्यंत वाट बंद.

"पत्र लिहा," डॉक्टर म्हणाले.

"लग्न मी लावलं. पोस्टाने नाही लावलं."

"वाटेत मेलात तर?"

"तर निदान त्या वाटेवर मेलो असं होईल. इथे बसून मेलो तर ते त्या पोरांना मी अंधारात ठेवून मेलो."

डॉक्टर उठून आतल्या खोलीत गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. माझ्या हातात बाटली आणि स्वतःचं घड्याळ ठेवून म्हणाले, "तू जा त्यांच्याबरोबर."

वकिलांचं घर आधी झालं, कारण ते मांडवी बंदराच्या वाटेवरच होतं. वकील हसले. "अहो, लवकर लागलं म्हणून तर पंगती वेळेवर उठल्या. आम्हाला वाटलं तुम्ही सुधारलात!" भटजींनी हात जोडले. त्यांना शिव्या चालल्या असत्या, ते हसणं फार लागलं. मचव्यात चढवताना दोन खलाश्यांनी त्यांना उचललंच. ते फळीला टेकून बसले, मी तासातासाने नाडी बघत होतो. पूर्णगडला मुलीचा बाप, स्वतः मचवा हाकणारा तांडेल माणूस, अंगणात उभ्यानेच ऐकत होता.

"मंग आता आमी काय करायचा?" त्याने विचारलं.

"तुम्ही काही नाही. जप मी करीन. आहे तोवर रोज."

त्याने भटजींच्या पायांकडे पाहिलं. "ह्या पायांनी इतक्या लांब आलाव? तुमी आलाव, बोललाव, बास झाला." मग शहाळं तासून आणलं आणि स्वतः त्यांच्या तोंडाला लावलं.

परतीच्या मचव्यात भटजींनी मला विचारलं, "तुझं काय बिनसलंय? येताना एक शब्द बोलला नाहीस." मी सांगितलं. आई, वडिलांचं जाणं, पांढरे पाय, सगळं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच कुणापुढे तरी बोललो. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले.

मांडवीला बैलगाडी केली. गाडी आमच्या घरापाशी आली तेव्हा ते म्हणाले, "थांबव." आमच्या घराला जांभ्याच्या नऊ पायऱ्या. मी आडवा आलो. त्यांनी मला हाताने बाजूला सारलं आणि तीन वेळा बसत त्या चढले. अंगणात आमची ही उन्हात आमसुलं उलटवीत होती. आई ओटीवर होती. भटजींनी खांब धरला.

"वहिनी, तुमच्या मुलाचं लग्न मी मुहूर्त चुकवून लावलं. माझी घटिका बिघडली होती. तुमच्या घरावर जे आलं ते त्या वेळेनं आलं. मुलीच्या पायानं नाही. दोष माझा."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आई ताडकन उठली. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "माझं कुंकू पुसलंत हो तुम्ही! एवढं घंगाळ मिरवीत होतात गावभर, आणि वेळ बघता येईना तुम्हाला?" काय काय बोलली. शेजारपाजार गोळा झाला. भटजी मान खाली घालून उभे होते, एका शब्दाने अडवलं नाही. बोलून बोलून आई रडायला लागली. रडता रडता तिची नजर अंगणात गेली.

"आत ये गो," ती म्हणाली. "केव्हाची उन्हात बसलीयस."

भटजींना खाली उतरवताना मी हळूच म्हणालो, "भटजी, आमचं लग्न मार्गशीर्षातलं. तेव्हा तर घटिका—"

"बरोबर होती. पळाचाही फरक नव्हता." ते पायरीवर टेकले. श्वास ठिकाणावर येईपर्यंत मी थांबलो. "दोष कुणाच्यातरी डोक्यावर ठेवल्याशिवाय तुझ्या आईला झोप यायची नाही. त्या पोरीला अजून पन्नास वर्षं काढायचीत. मला किती? आणि तू गप्प राहा शिंच्या. नाहीतरी तुला ते चांगलं जमतं."

वकील आणि तांडेल कुणाला बोलले नसते. आईने मात्र आठवड्याभरात सगळ्या गावाला सांगितलं. त्यानंतर भटजींना लग्नाचं बोलावणं आलं नाही. ते पुढे सव्वा वर्ष जगले, डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा वर्षभर जास्त. रोज सूनबाई घड्याळावर मिनिटभर नाडी मोजत आणि ते मुकाट्याने मोजू देत. दवाखान्यात यायचे तेव्हा मात्र पुढच्या चार रोग्यांची चिकित्सा चुकत नसे. एका श्रावणात सकाळी संध्येला बसले असताना गेले. मी, डॉक्टर आणि तो पूर्णगडचा तांडेल, आम्ही खांदा दिला.

आई पुढे वीस वर्षं जगली. सुनेला ती 'माझी लक्ष्मी' म्हणायची आणि भटजींचं नाव निघालं की बोटं मोडायची. ती शिव्या देऊ लागली की आमची ही उठून आत जायची. मी तिथेच बसायचो आणि आईला अडवायचो नाही.